रघू सुयांनी मेला नाही

माझ्या चुलतभावाच्या मरणाची गोष्ट आमच्या घराण्यात एकाच पद्धतीनं सांगितली जाते. एक कुत्रं दोघांना चावलं. दोघांना पोटात सुया दिल्या. दत्तू, म्हणजे मी, लुळा झाला आणि रघू गेला. सुयांनी घात केला. ही गोष्ट मी आयुष्यभर ऐकली, आणि ज्या ज्या वेळी ती माझ्यासमोर निघाली त्या त्या वेळी मान हलवली. काही वेळा मीच सांगितली.

ती खोटी आहे. रघू सुयांनी मेला नाही. सुया मध्येच थांबवल्या म्हणून मेला, आणि त्या थांबवायला मी सांगितलं होतं.

मी आता पंच्याऐंशीचा आहे. रघूच्या घरातलं एकच माणूस मागे उरलं आहे, त्याची धाकटी बहीण सिंधू. तिला हे माझ्या तोंडून कळायला हवं होतं. ते कळायला किती उशीर झाला ते पुढे येईलच. पण लिहितो आहे ते तिच्यासाठी नाही. ज्यांच्या घरात आज कुणाला कुत्रं चावलं आहे आणि ओळखीतला एखादा माणूस शहाणपणानं सांगतो आहे की सुया घेऊ नका, आमच्याकडे काय झालं ते पाहा, त्यांच्यासाठी लिहितो आहे. तो ओळखीतला माणूस मी होतो.

चावा

राज्यांची फेरमांडणी चालली होती ते वर्ष. आमचं बऱ्हाणपूर मुंबई राज्यात जाणार की नव्या मध्य प्रदेशात, यावर सगळीकडे वाद चालत. वडील तहसील कचेरीत कारकून होते. शनवाऱ्याजवळ आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, जसोंडीला शेती करत. रघू त्यांचा मुलगा. शाळेसाठी तो आमच्याकडे असे. माझ्याहून थोडा मोठा, एकाच वर्गात, झोपायलाही एकच गादी.

शाळेची वाट विणकरांच्या गल्लीतून जायची. तिथलं एक कुत्रं ओळखीचं होतं, रघू त्याला भाकरीचा तुकडा टाकायचा. त्या दिवशी ते न भुंकता आलं आणि त्यानं माझी पोटरी धरली. मी ओरडलो. रघूनं दप्तर टाकलं आणि दोन्ही हातांनी त्याची मान मागे ओढली. माझी पोटरी सुटली, त्याचं मनगट सापडलं. मागावरची माणसं काठ्या घेऊन बाहेर आली आणि त्यांनी कुत्र्याला तिथंच मारलं.

रघू मनगट दाबून बसला होता. मला म्हणाला, "तुझा पाय चाखून पाहिला रे त्यानं. आवडला नाही, म्हणून माझ्याकडे आला."

म्हणजे तो चावा माझ्यासाठी घेतलेला होता. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी बोलून दाखवत नसे.

आईनं दोघांच्या जखमांवर चुना आणि तिखट भरलं. संध्याकाळी वडील कचेरीतून आले, तिखट पाहिलं, आणि दोघांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. त्या काळी फार थोड्या बापांनी हे केलं असतं. त्यांचं हे श्रेय पुढे कोणी त्यांना दिलं नाही, उलट यासाठीच बोल लावले.

पोट

रोज एक याप्रमाणे चौदा सुया, आणि त्या पोटात. औषध दुधट रंगाचं. सुई जाड, उकळून उकळून बोथट झालेली. आज बेंबीच्या डावीकडे, उद्या उजवीकडे. टोचलेल्या जागी गाठ यायची आणि ती दुखायची. आम्ही एकमेकांच्या गाठी दाबून पाहत असू. कुणाची मोठी यावर पैज लागायची.

जसोंडीहून काकू आली. पोरांची पोटं पाहून तिनं कपाळाला हात लावला.

"कुत्रं चावलं हाताले, आन टोचू राहिले पोटाले? कुठलं शास्त्र व माय हे?"

"आई, पोटात कुत्रं भुंकतंय का ते पाहतात," रघू म्हणाला.

"गप बैस. अन् काय रे, केळं चालतं का यावर? घड घेऊन आली मी."

केळं चालतं की नाही हे कोणी विचारलं नव्हतं. आम्ही दोघांनी तो घड दोन दिवसांत संपवला. रघूबरोबरचं माझं शेवटचं सुख तेच. पुढेही आम्ही एका घरात राहिलो, पण मग माझ्या पोटात वेगळं काही होतं.

पाय

निम्म्या सुया झाल्या होत्या. एका सकाळी उठायला गेलो आणि पाय आले नाहीत. दुखत नव्हते. नुसते नव्हते. रघूला वाटलं मी शाळा बुडवायला सोंग करतो आहे. त्यानं तळव्याला गुदगुल्या केल्या आणि हसत माझ्याकडे पाहिलं. मग त्याचं हसू गेलं.

दुपारपर्यंत लघवी बंद झाली. दवाखान्यातल्यांनी सांगितलं, मोठ्या दवाखान्यात न्या. वडिलांनी मला पाठीवर घेतलं, टांग्यानं लालबागच्या स्टेशनवर, तिथून गाडीनं खंडव्याला. आई बरोबर. त्या धांदलीत रघूला दवाखान्यात नेणं राहिलं. दुसऱ्या दिवशी काका त्याला जसोंडीला घेऊन गेले.

वॉर्डाबद्दल थोडंच सांगतो, कारण जे पडून आहेत त्यांना ते माहीत असतं. पहाटे फिनेलचा वास. मग लघवीची नळी. सोळा वर्षांच्या मुलाला आईसमोर नळी घालतात तेव्हा तो छताकडे पाहायला शिकतो. तिथली एक नर्सबाई दर वेळी आईला काहीतरी आणायला पाठवायची. आणायला सांगितलेली वस्तू कधी लागायची नाही. तिचं नावही मी विचारलं नाही. पाठ सडू नये म्हणून मला कुशीवर वळवायचे, तेव्हा माझेच पाय मागून ओझ्यासारखे यायचे.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारा टांगेवाला होता, घोड्यानं लाथ मारून मांडी मोडलेला. सगळे त्याला चाचा म्हणत. मी रडायला लागलो की तो छताशी बोलल्यासारखा बोलायचा.

"अरे पंडत, पैर छुट्टी पे गये हैं। बिना अर्जी के गये, इसका गुस्सा है तेरे को। आएँगे। तनख्वाह कटेगी, पर आएँगे।"

"और नहीं आये तो?"

"तो मेरा घोड़ा ले जाना। चार हैं उसके पास, और चारों हरामी।"

वडील दर दोन दिवसांनी बऱ्हाणपूरला जायचे, रजा वाढवायला. परत आले की खाटेच्या पायथ्याशी उभे राहायचे. उशाशी नाही. माझ्या चेहऱ्यापेक्षा त्यांना पायांकडे पाहणं सोपं जात असावं.

निरोप

डॉक्टर तरुण होते, नागपूरकडचे. त्यांनी माझ्याशी मोठ्या माणसासारखं बोलून मला समजावून सांगितलं. ते मी पुढे शाळेत मास्तर झाल्यावर वर्षानुवर्षं मुलांना सांगत आलो, म्हणून शब्द आठवतात.

"तुमच्या गावात कापड विणतात ना? मग ऐक. अंगात राखणदार असतात. चोर आला की मारतात. पण हा चोर असा आहे की तो आल्याचं कळेपर्यंत घर लुटलेलं असतं. म्हणून आपण आधीच राखणदारांना त्याचा सदरा दाखवून ठेवतो. बाबांनो, असा सदरा घातलेला दिसला की सोडू नका. सुई म्हणजे तो सदरा. कळलं?"

"कळलं."

"आता ही सुई मेंढीच्या मेंदूतून बनवतात. दुसरा उपाय अजून निघालेला नाही. तुझ्या राखणदारांनी पाहिलं की हे कापड आपल्या घरच्या ताग्यातलंच दिसतंय. माणसाच्या नसांवरचं वेष्टण आणि मेंढीच्या नसांवरचं, वीण जवळपास एक. मग ते घरच्यांनाच मारत सुटले. तुझ्या पायांना कुत्र्यानं काही केलेलं नाही. सुईतल्या विषानंही नाही. तुझ्याच राखणदारांनी केलंय."

मी विचारलं, पाय परत येतील का. ते म्हणाले, बहुतेक येतात, वेळ लागतो. तुझ्या सुया मात्र आता बंद. मग त्यांनी विचारलं, तुझ्याबरोबर भाऊही होता ना, त्याचं काय?

मी सांगितलं, त्याला काही झालेलं नाही.

"मग त्याच्या राहिलेल्या सुया थांबवू नका. मध्ये दिवस गेले असतील तर आजच सुरू करा. त्याला हातावर चावलंय, हात मेंदूला जवळ. तुला झालं ते क्वचित एखाद्याला होतं, आणि त्यातून माणूस उठतो. तो रोग झाला तर कोणी उठत नाही. वडील नाहीत का इथं? बरं, कोणी आलं की सांग. विसरू नको."

मी विसरलो नाही. त्याच दुपारी काका आले. वडील बऱ्हाणपूरला गेले होते, आई खाली पाणी भरायला. काका स्टुलावर बसले, माझ्या पायावरून हात फिरवला, आणि तो हात मला कळला नाही हे त्यांना कळलं.

"काय म्हणू राहिला डाक्टर?" त्यांनी विचारलं. "रघूचं काय करायचं? तुझी काकू त्याले दवाखान्याचं दार पाहू देईना. मी म्हटलं, मोठ्या डाक्टरले विचारतो, तो म्हणेल तसं करू."

मी म्हणालो, "टोचू देऊ नका, काका. माझ्यासारखं होईल त्याला."

"डाक्टरनं सांगितलं असं?"

"हो."

ते उठले. त्यांना सुटल्यासारखं वाटलं, ते मला दिसलं. जाताना माझ्या उशाशी चार मोसंब्या ठेवून गेले.

मी असं का बोललो याचं एक उत्तर मी स्वतःला पुष्कळ वर्षं दिलं. माझे पाय जाताना मी पाहिले होते, रघूचे जाऊ नयेत असं वाटलं, पोरवयातली माया होती. हे खरं आहे. पण याच्या खाली दुसरं एक आहे. मला राखणदारांची गोष्ट आवडली नव्हती. माझ्याच अंगानं मला मारलं हे मला सहन होत नव्हतं. मला सुया दोषी हव्या होत्या. रघू सगळ्या सुया घेऊन धडधाकट राहिला असता तर दोष माझ्या अंगाचा ठरला असता. हे सगळं मी त्या क्षणी शब्दांत मांडलं असेल असं नाही. पण "हो" म्हणताना मला बरं वाटलं होतं, ते आठवतं. तेवढं पुरेसं आहे.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सांगू शकलो असतो. त्यांनी विचारलंही, निरोप दिला का. मी म्हणालो, दिला. त्या आठवड्यात त्यांची बदली झाली. नव्या राज्यांत माणसं वाटली जात होती, ते नागपूरच्या बाजूला गेले. मागून आलेल्या डॉक्टरांना रघू माहीतच नव्हता.

कुंड्या

मी घरी आलो तेव्हा रघू आमच्याकडे परत आला होता. तो मला पाठीवर घेऊन अंगणात न्यायचा, परसाकडे न्यायचा. एक दिवस त्यानं मला कुंड्यांची गोष्ट सांगितली. मी खो खो हसावं म्हणून सांगितली.

आमच्याकडे रीत अशी की कुत्रं चावलं तर सात विहिरींत डोकावायचं. पाण्यात आपलं तोंड दिसलं तर धोका टळला. कुत्र्याचं दिसलं तर आशा नाही. दुसऱ्या गावात यासाठी शिवारं तुडवावी लागतात. बऱ्हाणपुरात ती सोय आहे. लालबागेकडे जुन्या भुयारी कालव्याच्या कुंड्या आहेत, जमिनीच्या खालून पाणी वाहतं आणि त्यावर गोल तोंडाच्या विहिरी एका ओळीत. सुया बंद झाल्यावर काकूनं रघूला तिकडे नेलं.

"आईला शंका," रघू सांगत होता. "म्हणे, खाली पाणी एकच, मग या सात विहिरी धरायच्या की एक? तिथं एक म्हातारा बकऱ्या चारत होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, मुंह सात हैं तो सात। मग मी सातही ठिकाणी वाकलो. एका कुंडीत काहीच दिसेना, अंधार. आई म्हणते, नीट पाहा, नीट पाहा. मी म्हटलं, दिसलं, माझंच थोबाड आहे. तुला सांगतो दत्तू, मला काहीच दिसलं नव्हतं. पण तिनं गूळ वाटला रे लगेच."

मी हसलो. तेव्हाही सांगता आलं असतं. उशीर झाला असता, पण दवाखाना होता, सुया होत्या, वडील होते. मी त्याच्या पाठीवर बसून खोलीत परत आलो.

काही आठवड्यांनी त्याच्या मनगटाला मुंग्या यायला लागल्या. जुनी जखम तो खाजवत राहायचा. मग ताप. मग आईनं तांब्या पुढे केला आणि त्यानं तो झटक्यानं दूर लोटला, आणि स्वतःच चकित होऊन तांब्याकडे पाहत राहिला. त्यापुढचं मी लिहिणार नाही. ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना नको आहे, आणि ज्यांनी नाही पाहिलं त्यांनी पाहू नये म्हणून तर हे लिहितो आहे. मी शेजारच्या खोलीत खाटेवर होतो. मला उठून जाता येत नव्हतं. तिकडेही नाही आणि दूरही नाही.

रघूला दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, सुया पूर्ण का केल्या नाहीत. काका म्हणाले, खंडव्याच्या डॉक्टरनंच थांबवायला सांगितल्या. डॉक्टर म्हणाले, असं कोणीही डॉक्टर सांगणार नाही. हे वडिलांसमोर झालं. घरी आल्यावर वडिलांनी आईला सांगितलं, तेव्हा मी ऐकत होतो. सांगताना ते माझ्याकडे पाहत होते.

त्यांनी मला कधी विचारलं नाही. ते विचारतील म्हणून, ते हयात असेपर्यंत मी त्यांच्याबरोबर एकटा बसलो नाही.

काकूनं मात्र कोडं आपल्या पद्धतीनं सोडवलं. निम्म्या सुया अंगात गेल्या होत्या, त्यांनीच तो गेला. थांबवल्या हे बरंच केलं, आधीपासूनच द्यायला नको होत्या. वडिलांना ती तोंडावर म्हणाली, "तुम्ही नेलं त्याले तिथं. माझ्याजवळ असता तर राहिला असता." वडिलांना खरं ठाऊक होतं, असं मला वाटतं, आणि तरी त्यांनी माझ्या जागी उभं राहून ते ऐकून घेतलं.

तेल

तेरावं झाल्यावर काकू जसोंडीला गेली नाही. आमच्याकडे राहिली. आईला म्हणाली, "हात रिकामे राहिले तर वेडी होईन मी. या पोराचे पाय दे मला."

रोज सकाळी ती सरकीचं तेल कोमट करायची आणि माझे पाय मांडीवर घ्यायची. टाचेपासून वर. दाबून दाबून. एकदा आई म्हणाली, "पुरे करा, थकाल." काकू म्हणाली, "रघूचे म्हणूनच चोळू राहिली मी. थकवा नाही येत."

ज्यांना असा आजार झाला आहे त्यांना सांगतो, पाय परत येतात ते आधी दुखत येतात. मुंग्या, मग आग, मग एक दिवस अंगठा हलतो. अंगठा हलला तो काकूच्या हातात. ती ओरडली, आई धावत आली, आणि त्या दोघी रडत असताना मी त्या अंगठ्याकडे पाहत होतो आणि मला तो कापून टाकावासा वाटत होता.

काकूनं इच्छापूरच्या देवीला नवस केला होता, दोन्ही पोरं तुझ्या पायऱ्या चढवीन म्हणून. मी काठी घेऊन चालायला लागलो तसं ती मला घेऊन गेली. पायऱ्या चढताना तिनं माझी काख धरली होती. वर पोचल्यावर तिनं पदर पसरला आणि म्हणाली, "दोन कबूल केले होते माय. एकच आणला. राग मानू नको."

मी तिथंही बोललो नाही. पुढे ती म्हातारी होऊन गेली. माझ्या लग्नात तिनं मला हळद लावली.

शाळा

मी शिक्षक झालो. विज्ञान शिकवलं. दर वर्षी शरीराच्या संरक्षणाचा धडा यायचा. मी मुलांना राखणदार सांगायचो, चोराचा सदरा सांगायचो. मुलांना ते आवडायचं. डावा पाय मी कायम ओढत चालायचो, ते पाहून एखादा विचारायचा, सर, तुमचा डावा पाय? मी म्हणायचो, लहानपणी इंजेक्शनमुळं झालं. वाक्य खोटं नव्हतं. पण पोरं ते घरी घेऊन जायची, आणि ते एका विज्ञानाच्या मास्तरचं वाक्य असायचं. त्यावरून किती आया दवाखान्याच्या दारातून परत फिरल्या असतील, मला माहीत नाही. एकही फिरली नसेल असं मानायला मन धजत नाही.

माझ्या एका विद्यार्थ्यानं पुढे डॉक्टर होऊन मला सांगितलं, सर, ती मेंढीच्या मेंदूची लस कधीच बंद झाली. आताची वेगळी आहे, दंडावर देतात, तुम्हाला झालं तसं व्हायची भीती त्यात नाही. मी त्याला विचारलं, त्या काळी एखाद्यानं सगळ्या सुया घेतल्या असत्या तर तो नक्की वाचला असता का? तो म्हणाला, नक्की नाही सांगता येत सर, पण बहुतेक. त्या "नक्की नाही"वर मी काही वर्षं काढली. आता ते सोडलं. "बहुतेक" हा शब्दही त्यानंच उच्चारला होता.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, एवढंच. कुत्रं चावलं की जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं बराच वेळ धुवा. चुना नको, तिखट नको. त्याच दिवशी दवाखान्यात जा. डॉक्टरांनी जितक्या सांगितल्या तितक्या सुया सगळ्या घ्या. मध्ये कोणी थांबवायला सांगितलं, तर ते कोण सांगतं आणि कुणाच्या तोंडून ऐकून सांगतं, हे विचारा. स्वतः जाऊन डॉक्टरांना विचारा.

धूलकोट

सिंधूचं सासर धूलकोटला. गेल्या हिवाळ्यात तिच्या मुलाचा, भास्करचा, फोन आला.

"मामा, यशला कुत्रं चावलं. हातावर. आई दवाखान्यात नेऊ देईना. म्हणते, दत्तूभाऊले विचारा, त्यांचं काय झालं ते सांगतील."

मी म्हणालो, "आत्ताच्या आत्ता ने त्याला."

"ती पोराला सोडेना मामा. तुम्ही बोला."

सिंधू फोनवर आली. "भाऊ, लहान होती मी तेव्हा, पण तुमचे पाय पाहिलेत मी. एक भाऊ गेला माझा त्या सुयांनी. नातू नाही द्यायची."

माझा मुलगा घरात होता. आम्ही गाडी काढली. वाटेत मुलानं विचारलं, छातीत दुखतंय का?

सिंधू ओसरीवर बसली होती, नातवाला मांडीत धरून. मांडीत बसायला मोठा, नऊ-दहा वर्षांचा मुलगा, लाजत होता. त्याच्या मनगटावर चुना लावलेला. मी समोर बसलो.

"सिंधू, डॉक्टरांनी थांबवायला सांगितलं नव्हतं."

"कोणत्या डाक्टरनं?"

"खंडव्याच्या. त्यांनी सांगितलं होतं, रघूच्या सुया पूर्ण करा, नाहीतर तो वाचणार नाही. काकांनी मला विचारलं. मी खोटं बोललो. म्हटलं, थांबवायला सांगितलंय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मांडीतल्या मुलाकडे. मग तिनं हात सोडले.

"भास्कर, यशले गाडीत बसव. जा. यांच्याच गाडीनं जा." मुलगा उठताना तिनं पदराच्या टोकानं त्याच्या मनगटावरचा चुना पुसायला घेतला. "आधी नळावर ने. साबण घे, साबण."

गाडी गेली. ओसरीवर आम्ही दोघंच.

"आईले माहीत होतं?" तिनं विचारलं.

"नाही."

"तिनं तुमचे पाय चोळले."

"हो."

"रोज."

"हो."

ती उठली आणि आत गेली. गाडी परत येईपर्यंत मी तिथं बसून होतो. तिच्या सुनेनं चहा आणून ठेवला. आतून कुणी बाहेर आलं नाही.

रघू गेल्यापासून सिंधू मला राखी बांधत आली होती. या वर्षी राखी आली नाही, भाऊबिजेचं बोलावणंही नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. लिहायचं म्हणून लिहिलं.

यशच्या सुया पूर्ण झाल्या त्या दिवशी मी धूलकोटला फोन केला होता. सुनेनं उचलला.

"पुऱ्या झाल्या मामा, सगळ्या. काहीच त्रास नाही. खेळू राहिला तो बाहेर."

"सिंधूला देतेस का?"

ती थोडी घुटमळली. "झोपल्यात त्या, मामा."

मागून सिंधूचा आवाज आला. चांगला मोठ्यानं.

"झोपली नाही म्हणावं. बोलायचं नाही, असं सांग त्यांले."